मदत हवी आहे : वेड्या बाभळीच्या जळणासाठी कोणता चेनसॉ घ्यावा?

सर्वांना नमस्कार.

आमची मोहोळ तालुक्यात कोरडवाहू शेती असून घरात कडक भाकरीचा व्यवसाय आहे. आई आणि पत्नी रोज चुलीवर ज्वारीच्या भाकरी करतात आणि त्या सोलापूरच्या दुकानांत जातात. भाकरी कडक व्हायला भाजल्यानंतरही मंद आच बराच वेळ लागते आणि त्यासाठी बाभळीच्या निखाऱ्यासारखा टिकाऊ निखारा दुसरा नाही. जळण ओढ्याकाठच्या वेड्या बाभळीचे मिळते. ती कितीही तोडली तरी बुंध्यातून पुन्हा फुटतेच. आजवर हे काम कुऱ्हाडीने केले, परंतु मी आता बावन्न वर्षांचा आहे, उजवा खांदा दुखतो आणि मजूर वेळेवर मिळत नाहीत. त्यामुळे आठवड्यातून एक दिवस, साधारण तीन तास चालवता येईल असा चेनसॉ (लाकूड कापणारी साखळीची यांत्रिक करवत) घ्यायचा आहे. लाकूड बहुतेक सहा ते दहा इंच जाडीचे असते, क्वचित फूटभर. (चिंच, आंबा यांसारखी परवानगी लागणारी झाडे तोडायची नाहीत.)

मागच्या महिन्यात एका स्नेह्यांकडून 58 सीसीचा, 22 इंची बारचा (साखळी ज्याभोवती फिरते त्या लांब पट्टीचा) चेनसॉ दोन दिवसांसाठी आणला होता. ताकद भरपूर होती, पण बुंध्याशी वाकून काम करताना बारचे टोक सारखे खाली झुकत होते आणि अर्ध्या तासात मनगटे भरून आली. त्याहून मोठी अडचण साखळीची झाली. पुराच्या पाण्याने ओढ्याकाठच्या झाडांच्या सालीत माती बसलेली असते, हे माझ्या लक्षात आले नाही. सुरुवातीला कापातून जाडसर कीस पडत होता. तासाभरात साखळी बोथट होऊन त्याची पिठासारखी पूड होऊ लागली, मशीन दाबल्याशिवाय चालेना आणि बारमधून धूर येऊ लागला. बंद करून पाहिले तेव्हा साखळीच्या तेलाची टाकी रिकामी होती. चूक माझीच होती, पण मोठे मशीन म्हणजे सोपे काम, हा माझा समज त्या दिवशी गेला.

त्यानंतर मी थोडी माहिती जमवली. विजेवर चालणारा चेनसॉ हलका आणि देखभालीला सोपा असतो हे मान्य आहे, परंतु ओढा घरापासून लांब आहे, शेतातली वीज पाळीने कधी दिवसा तर कधी रात्री येते आणि 2000 वॅटच्या मशीनला लांब, बारीक वायर लावली तर व्होल्टेज पडून मोटर तापते. म्हणून पेट्रोलवर चालणाराच घ्यावा, या मतापर्यंत मी आलो आहे. दुकानात दोन पर्याय पाहिले : एक सुमारे 32 सीसीचा, चार किलोंच्या आसपास वजनाचा, तर दुसरा 45 सीसीचा, साडेचार किलोंहून थोडा जड, 16 इंची बारचा. ही वजने बार, साखळी आणि इंधनाशिवाय असल्याने हातात प्रत्यक्ष जास्त भरतात. दहा इंची लाकडाला 16 इंची बार पुरेसा आहे असे मला वाटते. ज्यांनी वाळलेली बाभूळ नियमित कापली आहे त्यांनी कृपया सांगावे की, 32 सीसीचे मशीन ती आठवड्याला तीन तास पेलेल का, की खांद्याची तक्रार सोसूनही 45 सीसीकडेच जावे.

दुसरा प्रश्न कानसेचा आहे. .325 इंच पिचच्या (पिच म्हणजे साखळीच्या कड्यांमधील अंतराचे माप) साखळीला 4.8 मिलिमीटरची गोल कानस लागते एवढे समजले. पण मातकट सालीच्या लाकडात ती किती वेळाने मारावी लागते, आणि कापण्यापूर्वी कोयत्याने साल तासून घेतल्यास खरोखर फरक पडतो का? पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचे तेल) 1:50 या प्रमाणात, म्हणजे लिटरला 20 मिलिलिटर, घालावे असे एक दुकानदार म्हणाले, तर दुसऱ्यांनी 40 मिलिलिटर सांगितले. मशीनच्या पुस्तिकेतील प्रमाणच पाळावे, की आपल्या उन्हाळ्यात थोडे अधिक घालणे योग्य ठरते?

चेन ब्रेक (मशीन उसळताच साखळी थांबवणारा ब्रेक) नसलेले मशीन कितीही स्वस्त मिळाले तरी घेणार नाही, कारण माझ्यासोबत माझा एकोणीस वर्षांचा पुतण्याही ते चालवणार आहे. बारचे टोक लाकडात अडकून मशीन उसळले तर काय होते, हे त्याला पहिल्याच दिवशी नीट शिकवायचे आहे. सोलापूर किंवा पंढरपूर भागात सुटे भाग सहज मिळणारे, स्वतः वापरलेले मॉडेल कोणी सुचवल्यास फार उपकार होतील. पुढच्या सोमवारी बाजाराला सोलापुरात येणार आहे, तेव्हाच खरेदी करण्याचा विचार आहे.