मदत हवी आहे : जेर्डन डॉक्टरवर पोट्ट्यांना काय सांगू?

नमस्कार मंडळी. मी सिरोंचा तालुक्यातल्या शाळेत विज्ञान शिकवतो. प्रदर्शनासाठी थॉमस जेर्डन हा विषय घेतला. मद्रास इलाख्यात सर्जन म्हणून आलेला हा माणूस रोग्यांपेक्षा पक्षी, साप, मुंग्यांतच जास्त रमला. त्याच्या नावाचा धाविक पक्षी (जमिनीवर धावणारा), छातीवर दोन पट्टे, 1848 मध्ये शास्त्रात नोंदला गेला. पुढे आपल्या सिरोंच्याकडूनही नोंद झाली, म्हणून पोट्टे भलते खूश. विसाव्या शतकात तो कोणाला दिसेना, नामशेषच धरला होता. 1986 मध्ये आंध्रात पुन्हा सापडला.

अडलं कुठं, तर त्या काळी अभ्यासासाठी पक्ष्याचा नमुना कसा करत ते पोट्ट्यांना सांगितलं : गोळी घालायची, कातडी सोलायची, आतून सोमल (आर्सेनिकचं विष) चोळायचा, कापूस भरायचा, पायाला चिठ्ठी. सातवीतली एक पोरगी पटकन म्हणाली, "सर, डॉक्टर होता ना, मग मारत कायले होता?" मी गप्पच! दुर्बीण-कॅमेरा नव्हता, हे उत्तर मलाच पुरेसं वाटत नाही. तुम्ही कसं समजावाल?

दुसरं, रानात गळलेली पिसं प्रदर्शनात ठेवली तर कायद्यात बसतं का? तेलुगूत या पक्ष्याला कलिविकोडी म्हणतात. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांकडून गोंडी नाव ऐकलंय का कोणी? प्रदर्शन सोमवारी आहे, लवकर कळवा.