मोरो नदी आणि सांग्रो: सुनेचे पणजोबा आणि आमचे चुलत आजोबा, एकाच फेरीत दोघांचं दर्शन कसं जमवावं?

मांडवीकर (बडोदा)
नमस्कार मंडळी. मुलगा एडमंटनला असतो, सूनबाई तिथल्याच. तिचे पणजोबा लॉयल एडमंटन रेजिमेंटमध्ये होते. डिसेंबर १९४३ मध्ये इटलीत ऑर्टोनाला गेले, दफन मोरो रिव्हर कॅनेडियन वॉर सिमेट्रीत आहे. आमच्या वडिलांचे थोरले चुलते मराठा पलटणीत होते. तेही ‘इटलीत सांग्रो नदीपाशी पडले’ एवढंच घरात सांगितलं जातं. गाव खटावकडचं, कागद म्हणाल तर काही नाही. एक पदक आहे, लाल-पांढऱ्या-हिरव्या फितीचं. येत्या वर्षी सगळे मिळून जायचं ठरतंय. त्यांची समाधी नेमकी कुठे हे कसं शोधायचं, कॅनडाच्या बाजूचे कागद कसे मिळतील, आणि तिथे आपल्या रीतीने काही करता येतं का? जाणकारांनी सांगावं.

सुरसागर
काका, तिकिटं राहू द्या, आधी ते पदक बाहेर काढा. लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल फीत म्हणजे इटली स्टार. ११ जून १९४३ ते ८ मे १९४५ या काळात इटलीच्या मोहिमेत असलेल्यांना तो मिळाला. म्हणजे घरातल्या गोष्टीतला ‘इटली’ हा शब्द पक्का झाला, आणि हे थोडंथोडकं नाही. दुसरी गोष्ट, भारतात वाटलेल्या ताऱ्यांच्या मागच्या बाजूला बहुधा शिपायाचा नंबर आणि नाव ठोकलेलं असतं. ब्रिटन आणि कॅनडात वाटलेले तारे कोरे असत, त्यामुळे सूनबाईंच्या घरच्या पदकावर नाव नसलं तर बनावट समजू नका. तारा उलटा करा, खिडकीपाशी तिरपा धरा आणि भिंगातून वाचा. चिंच-मीठ किंवा राख लावून घासू मात्र नका. ठोकलेली अक्षरं उथळ असतात, दोन-चार वेळा घासली की आकडे जातात आणि नंबर गेला की सगळाच धागा तुटतो.

नंबर मिळाला की कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (युद्धात गेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावर शोधा. तिथे पहिली ठेच पलटणीच्या नावाला लागते. तेव्हाचं इंग्रजी स्पेलिंग आजच्यासारखं नव्हतं: एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए. आजच्या स्पेलिंगने शोधलंत तर ‘काही सापडलं नाही’ येईल आणि माणूस तिथेच हात टेकतो. आडनावांचंही तसंच. जाधवचं जादव किंवा जाधो होतं, शिंदेचं सिंदे, पवारचं पोवार. सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव यांचं नावही इंग्रजी कागदांत ‘जादव’ असं आढळतं, मग साध्या शिपायाचं काय घेऊन बसलात. म्हणून आडनाव सोडा. इंडियन आर्मी, दुसरं महायुद्ध, इटली आणि मृत्यूचा महिना एवढंच लावा, आणि आलेली यादी ओळीने वाचा. ‘अधिक माहिती’च्या रकान्यात अनेकदा वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हा असतो. तुमचा माणूस बहुतेक त्याच ओळीवरून ओळखू येईल.

आणि मनाची तयारी आधीच ठेवा: ते हिंदू असतील तर बहुधा दगड मिळणार नाही. सांग्रो रिव्हर वॉर सिमेट्रीत २,६०० हून अधिक दफनं आहेत, त्यात भारतीय मुसलमान शिपायांच्या कबरीही आहेत. हिंदू आणि शिखांना अग्नी दिला गेला. त्यांच्यासाठी त्याच आवारात सांग्रो रिव्हर क्रिमेशन मेमोरियल आहे, ५०० हून अधिक नावांचं. अशी इटलीत तीनच स्मारकं आहेत, बाकीची दोन फोर्लीच्या भारतीय सिमेट्रीत आणि रिमिनीच्या गुरखा सिमेट्रीत. देहच सापडला नसेल तर नाव कासिनो मेमोरियलवर जातं. ते तिथून दूर, पार दुसऱ्या अंगाला आहे. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले मराठा पलटणीचे यशवंत घाडगे यांचं नाव कासिनोलाच आहे, ते १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात पडले तरी. तेव्हा ‘सांग्रोपाशी पडले’ याचा अर्थ ‘नाव सांग्रोला आहे’ असा धरून चालू नका. आधी नोंद बघा, मग नकाशा काढा.

लहरीपुरा
सुरसागर यांच्या म्हणण्याला एक पुरवणी. पलटणीच्या नावाआधी अपूर्णांकासारखा आकडा असतो तो सोडू नका. १/५ म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन. ही आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती, आणि सांग्रो, मोरो तिच्याच वाटेवर. ३/५ ही दहाव्या डिव्हिजनमध्ये होती, घाडगे हिच्यातले. ती १९४४ मध्ये आली. ४/५ तर ब्रह्मदेशाच्या आघाडीवर, सांगशाकला लढली. आणि २/५ ही जून १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेत टोब्रुकला कैद झाली. टोब्रुकचे बरेच कैदी पुढे इटलीतल्या छावण्यांत नेले गेले, म्हणून काही घरांत ‘आजोबा इटलीत होते’ ही गोष्ट खरी असते पण लढाईची नसते, कैदेची असते. काकांकडे इटली स्टार आहे आणि जागा सांग्रोची सांगतात, त्यामुळे अंदाज १/५ चाच.

तसं असेल तर दोन्ही घरांचा धागा इथेच जुळतो. नोव्हेंबर १९४३ च्या अखेरीस आठव्या डिव्हिजनने सांग्रो ओलांडली. डिसेंबरात मोरो नदीवर कॅनडाची पहिली डिव्हिजन समुद्राच्या बाजूने ऑर्टोनाकडे चालली होती आणि आठवी डिव्हिजन तिच्या डाव्या अंगाला, आतल्या बाजूला होती. मोरोवर भारतीय सॅपर्सनी, म्हणजे रस्ते-पूल बांधणाऱ्या सैनिकांनी, एक पूल बांधला. अलीकडच्या काठावर रस्त्याला इतकं अवघड वळण होतं की पूल जोडून पलीकडे ढकलायला जागाच नव्हती, म्हणून सामान पलीकडे नेऊन शत्रूच्या बाजूने अलीकडे बांधत आणला. त्याचं नावच ‘इम्पॉसिबल ब्रिज’ पडलं. पुढे मे १९४४ मध्ये कासिनोजवळ गारी नदीवर याच आठव्या डिव्हिजनच्या मदतीला कॅनडाचे रणगाडे होते. सूनबाईंना हे जरूर सांगा.

रावपुरा टॉवर
कॅनडाचं मी सांगते. तिकडचं काम आपल्यापेक्षा पुष्कळ सोपं आहे.

युद्धात गेलेल्यांच्या सेवा-फायली, १९३९ ते १९४७ च्या, लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडाकडे आहेत, ४४ हजारांहून अधिक. त्या खुल्या आहेत आणि स्कॅन झालेल्या आहेत. एकेक फाईल पन्नास-शंभर पानांचीही असते. भरतीचा अर्ज, दवाखान्याचे कागद, दफनाची नोंद, मागे राहिलेल्या सामानाची यादी. त्या यादीपाशी थांबा. घड्याळ, पाकीट, फोटो असं एकेक लिहिलेलं असतं, आणि घरातल्या कपाटात पडलेली वस्तू त्यांचीच की दुसऱ्या कुणाची, हे तिथे कळतं.

वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. ‘टीओएस’ म्हणजे त्या तुकडीच्या पटावर घेतलं, ‘एसओएस’ म्हणजे पटावरून कमी केलं. एसओएस वाचून संकटाची हाक समजणारे खूप आहेत. ‘केआयए’ म्हणजे लढाईत जागीच, ‘डीओडब्ल्यू’ म्हणजे जखमांनी नंतर. दुसऱ्या प्रकारात मृत्यूची जागा इस्पितळाची असते, लढाईची नव्हे. घरातली गोष्ट आणि कागद जुळत नाहीत ते बऱ्याचदा यामुळेच.

नंबराआधीचं अक्षर भरतीचा प्रांत सांगतं: एम म्हणजे आल्बर्टा, के म्हणजे ब्रिटिश कोलंबिया, बी म्हणजे टोरांटोचा भाग, एफ म्हणजे नोव्हा स्कोशिया. एडमंटनच्या माणसाचा नंबर बहुधा एमनेच सुरू होईल. दुसरंच अक्षर दिसलं तर फाईल चुकीच्या माणसाची नाही ना, एवढं तपासून घ्या.

जे परत आले आणि पुढे घरी वारले, त्यांच्या फायली अशा उघड्या नसतात. निधनाला २० वर्षं झाली असतील तर मृत्यूचा पुरावा जोडून कुणीही मागू शकतो, त्याआधी फक्त जवळचे नातेवाईक. उत्तराला महिनोन्महिने लागतात, म्हणून अर्ज प्रवासाच्या बेताआधीच टाकून द्या.

शिवाय व्हेटरन्स अफेअर्सचं, म्हणजे कॅनडाच्या माजी सैनिक खात्याचं, कॅनेडियन व्हर्च्युअल वॉर मेमोरियल हे संकेतस्थळ आहे. गेलेल्या प्रत्येकाचं तिथे पान असतं आणि घरचे फोटो, पत्रं त्यावर चढवता येतात. चढवताना फोटो कुणी, कधी, कुठे काढला हे मथळ्यातच लिहा. नुसतं ‘आजोबा, गणवेशात’ लिहिलं तर पुढच्या पिढीला त्याचा काही उपयोग नाही.

मांडवीकर
तारा सापडला, मागे नंबर आहे! शेवटचे दोन आकडे पुसट आहेत. आता तुम्ही सांगितलंत तशी यादी वाचतो. तिथे गेल्यावर हळद-कुंकू, नारळ, दिवा चालतो का? आई विचारतेय.

कारेलीबाग
आईंना सांगा, भाव पोचवायला हरकत कसलीच नाही, पण दगडाला काही लावायचं नाही. हळद, कुंकू, तेल, गुलाल, काहीही नाही. दगड सच्छिद्र असतो, हळदीचा डाग आत शिरतो आणि धुवून निघत नाही. खडू किंवा पीठ चोळून अक्षरं उठवणंही तितकंच वाईट. अक्षरं दिसत नसतील तर मोबाईलचा टॉर्च बाजूने, दगडाला जवळजवळ समांतर धरा. कोरलेल्या कडांची सावली पडते आणि सगळं वाचता येतं. फोटोही तसाच घ्या, समोरून फ्लॅश मारला की अक्षरं सपाट होऊन जातात.

फुलं तिथेच ऑर्टोनात विकत घ्या, पांढरी असोत की झेंडू, आणि दगडापुढच्या जमिनीवर ठेवा. नारळ न्यायला युरोपीय संघाची मनाई नाही. नारळ, केळी, अननस, खजूर आणि ड्युरियन ही पाच फळं सोडली तर बाकी फळांना रोग-कीड नसल्याचं प्रमाणपत्र लागतं. पण तो फोडायचा झाला तर आवाराबाहेर. दुधाचे पेढे नेऊ नका, दुधाचे पदार्थ प्रवासी सामानातून चालत नाहीत. गावची माती तर अजिबात नको, तीही मना आहे. त्याऐवजी चांदोदला तर्पण करून नर्मदेचं पाणी लहान बाटलीत भरून घ्या आणि चेक-इनच्या बॅगेत टाका. स्मारकापाशी गवतावर चार थेंब सोडले की झालं. दिवा दगडावर नको, आणि गवत वाळलेलं असेल तर जमिनीवरही नको.

आणि एक, बहुतेक घरांत हे राहून जातं. नोंदीत मृत्यूची तारीख मिळाली की त्या सालच्या पंचांगावरून तिथी काढून घ्या. जिथे तिथी माहीत नाही म्हणून इतकी वर्षं सर्वपित्रीलाच पान वाढलं जातं, तिथे त्यांची स्वतःची तिथी मिळते. मात्र नोंदीत एका तारखेऐवजी दोन तारखांमधला काळ दिलेला असेल, तर दिवस नक्की नव्हता असं समजा. मग सर्वपित्रीच बरी.

सयाजीगंज
प्रवासाचं. रोमहून पेस्कारापर्यंत तिबुर्तिना स्थानकावरून बस मिळते, ती ट्रेनपेक्षा लवकर पोचवते. पेस्काराहून ऑर्टोना समुद्राकाठच्या रेल्वेमार्गावरच आहे. मोरो रिव्हर सिमेट्री ऑर्टोनाच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर, सान दोनातोपाशी. १,६०० हून अधिक कबरी आहेत, बहुतेक कॅनेडियन. तिथून सांग्रोची सिमेट्री तोरिनो दी सांग्रो गावच्या हद्दीत, गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. ती टेकडीवर आहे, स्टेशनवरून आईंना चालत नेण्याचा विचारही करू नका. ऑर्टोनातून टॅक्सी ठरवा आणि परतीची वेळ लिहून घ्या. मुलगा गाडी चालवणार असेल तर त्याला कॅनडातून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढायला सांगा. तुम्हीही चालवणार असाल तर तुमचं आपल्या आरटीओतून, फॉर्म ४ए भरून. इटलीत जुन्या गावांच्या मध्यभागी ‘झेडटीएल’ची (ठराविक गाड्यांनाच प्रवेश असलेल्या भागाची) पाटी दिसली की आत शिरू नका. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड महिन्यांनी भाड्याच्या कंपनीमार्फत येतो.

जाण्याआधी कबरीचा संदर्भ कागदावर उतरवून घ्या. रोमन आकडा म्हणजे प्लॉट, पुढचं अक्षर म्हणजे रांग, शेवटचा आकडा म्हणजे कबर. फाटकाजवळ भिंतीतल्या पेटीत नोंदवही आणि नकाशा असतो. मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही. कॅनेडियन दगड लांबून ओळखू येतो, वरच्या भागात मेपलचं पान कोरलेलं असतं. दगडाच्या तळाशी घरच्यांनी लिहून पाठवलेली ओळ असेल तर ती आधी वाचा, फोटो मागाहून. त्या ओळीला अक्षरांची मर्यादा होती, त्यामुळे आईवडिलांनी एकेक शब्द तोलून लिहिलाय. काहींच्या दगडावर ती जागा कोरीच राहिली आहे.

क्रिमेशन मेमोरियलला कबर क्रमांक नसतो, पॅनल किंवा कॉलमचा संदर्भ असतो, तोही नोंदीतूनच लिहून घ्या. नाव उंचावर असेल तर आईंसाठी घडीचं स्टूल सोबत ठेवा. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरा. डिसेंबरात, म्हणजे ज्या दिवसांत ते गेले त्याच दिवसांत जायचं असेल, तर चिखलाचे बूट घ्या. तिथला डिसेंबर आजही तसाच ओला असतो.

मांडवीकर
नोंद सापडली. पुसट आकडे सोडून बाकीचा नंबर जुळतो, वडिलांचं नाव जुळतं, गावही. सांग्रो क्रिमेशन मेमोरियल. तारीख एकच दिलेली आहे. आईने पंचांगासाठी गुरुजींना फोन लावलाय.