गावरान म्हणजे रोगमुक्त नव्हे

भाऊ, 'गावरान गायीला आजारच होत नाही' असं म्हणतात ते अर्धंच खरं. २०२२ मध्ये राज्यात लम्पी, म्हणजे अंगावर गाठी आणणारा विषाणूजन्य आजार, आधी आपल्या रावेर तालुक्यात (जि. जळगाव) दिसला, तेव्हा गावरान जनावरंही आजारी पडलीच. गोचिडांचं मात्र वेगळं आहे. आपल्या गावरान गायींसारख्या वशिंडाच्या जनावरांवर गोचीड कमी टिकतात आणि हा गुण वासरांत उतरतो. ऑस्ट्रेलियात वशिंडाची साहिवाल आणि विलायती फ्रिजियन यांच्या संकरातून, अंगावरचे गोचीड मोजून मोजून निवड करत, दुधाळ जात तयार केली ती याच आधारावर.

मेंढ्यांत अशी निवड आणखी सोपी. लेंडीत जंतांची अंडी किती, हे बऱ्यापैकी आनुवंशिक असतं. साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळ बांधवांनी नर ठेवताना नुसतं अंगपिंड बघू नये. पावसाळ्यात, जंतनाशक देण्याआधी, लेंडी तपासून घ्यावी. अख्ख्या कळपाला सरसकट औषध पाजत राहिलं तर चिवट कोण, कमजोर कोण ते कळतच नाही. वर जंत औषधाला दाद देईनासे होतात ते निराळंच! नर एक, कोकरं डझनांनी, म्हणून तपासणीचा खर्च आधी नरावर करा. मात्र घरचाच नर पिढ्यान्‌पिढ्या फिरवू नका. आणि पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या जीवघेण्या साथीच्या आजाराची लस चुकवू नका, तिथे निवडीवर भागत नाही.