'सखोल बायबल अभ्यास' : अभ्यास, मनन की आणखी काही?

चिमणी_पाखरं : लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपवासकाळात) दर बुधवारी आमच्या चर्चच्या मंडळीत बायबल स्टडी आहे. पत्रकावर मी 'सखोल बायबल अभ्यास' लिहिलं. नगरची आत्या म्हणाली, "अभ्यास पोरं करतात, परीक्षेसाठी. शास्त्राचं मनन करायचं असतं." 'मनन' लिहिलं तर पाळकसाहेब म्हणतात, लोक डोळे मिटून बसतील. आम्हाला तर वही-पेन घेऊन बायबलमधलं 'रोमकरांस पत्र' ओळ न् ओळ वाचायचंय. शनिवारी छपाई. सुचवा.

आडनाव_नको : आत्या बरोबर. पहिल्याच स्तोत्रात धन्य पुरुष नियमशास्त्राचं रात्रंदिवस 'मनन' करतो.

जुनी_पोथी : मनन वेदान्तातलं. श्रवण, मनन, निदिध्यासन. ऐकलेलं तर्काने घासूनपुसून पाहणं, शंका काढणं, ते मनन. डोळे मिटायची पाळी नंतर येते. वही-पेनवाल्यांनाच हा शब्द शोभतो!

आडनाव_नको : वेदान्तातलं म्हणूनच पंडिता रमाबाई असे शब्द टाळू पाहत. बाई हिब्रू-ग्रीक शिकल्या, केडगावला बसून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, ते पुरं झालं १९२२ साली, मृत्यूच्या तोंडावर.

जुनी_पोथी : मग 'नियमशास्त्रा'तलं शास्त्रही काढा. 'परमेश्वर'ही काढा. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं, 'पुराण' कुणाला टोचलं नाही.

खारट_वारा : स्तोत्रातला मूळ शब्द 'हागा'. (हसू नका, हिब्रू आहे.) यशया ३१:४ मध्ये सिंह सावजावर गुरगुरतो, तिथे हाच. ३८:१४ मध्ये पारव्याचं कण्हणं, तेही हाच. म्हणजे ओठ हलले पाहिजेत. माझी आजी एकेका वचनावर अर्धा-अर्धा तास पुटपुटत बसायची, मधेच मागचं पान उघडून ताडून बघायची. आम्ही नकला करायचो.

वसईचं_केळं : मग 'रवंथ' म्हणा की! रव + मंथन, आवाज करत घुसळणं.

जुनी_पोथी : संस्कृत 'रोमन्थ'. मंथन वगैरे काही नाही.

वसईचं_केळं : असेल. पण लेवीय ११ मध्ये शुद्ध पशूची खूणच दुभंगलेला खूर आणि रवंथ. जुने मठवासीही शास्त्रवाचनाला लॅटिनमध्ये 'रुमिनातिओ' म्हणत. रवंथच ते.

चिमणी_पाखरं : 'सखोल बायबल रवंथ' छापू? आत्या घरात घेणार नाही.

मास्तर_निवृत्त : 'अभ्यासा'ची बाजू कुणीच घेईना. अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा करणं. पाणिनीच्या व्याकरणात 'ददाति'मध्ये 'द' दोनदा येतो, त्यातल्या पहिल्या 'द'चं नावच अभ्यास. वरच्या आजीबाई अभ्यासच करत होत्या. शब्द नासवला तो आम्ही शाळावाल्यांनी. खरी खोड 'सखोल'मध्ये आहे. मराठी 'खोल'ला संस्कृत 'स' कशाला? 'कसून' म्हणा.

आडनाव_नको : कसून चौकशी करतात, पोलीस.

खारट_वारा : चौकशीच तर आहे! योहान ५:३९, 'शास्त्रलेख शोधून पाहता'. ग्रीक क्रियापदाचं रूप आज्ञार्थीही लागतं : 'शोधा'. येशू शोधायला सांगतोय की शोधूनही दिसत नाही म्हणून खडसावतोय? पुढचं वचन ('तरी माझ्याकडे यायला तुम्ही तयार नाही') वाचलं तर मला खडसावणंच वाटतं.

जुनी_पोथी : मला आज्ञार्थ. वेगळा धागा काढा.

चिमणी_पाखरं : छापखान्याचा फोन आला. 'बायबल क्लास' देऊन मोकळी झाले. आत्या येतेय, चहा आहे का विचारतेय.

मास्तर_निवृत्त : 'सखोल' काढलंत ना पण?