विडी कामगार आईच्या नावावर सहकारी संस्थेतलं घर: पैसे भरण्याआधी काय काय बघायचं?

पूर्वभागकर

नमस्कार. सोलापुरात कामगारांची एक सहकारी गृहनिर्माण संस्था पंतप्रधान आवास योजना शहरी 2.0 मधून घरं बांधणार आहे. सभासद नोंदणी सुरू झाली आहे. आई विड्या वळते, वय 52. विडी कामगार ओळखपत्र आहे, फंड (पीएफ, भविष्य निर्वाह निधी) कापला जातो. वडील वॉचमन आहेत. मी टॉवेल कारखान्यात आहे, लग्न झालंय, सगळे एकत्रच भाड्यानं राहतो. तिघांचं मिळून उत्पन्न वर्षाला 4 लाखांच्या पुढे जातं आणि मर्यादा 3 लाखांची आहे असं ऐकलं. अक्कलकोट तालुक्यात वडिलांच्या नावावर जुनं माळवदाचं घर आहे. अशा वेळी आईला घर मिळेल का? एकूण किती पैसे लागतील, आणि संस्था ना-नफा आहे म्हणून डोळे झाकून पैसे भरावेत का?

कन्नाचौक

आधी उत्पन्नाचा घोळ सोडवू. योजनेच्या दृष्टीनं कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. तुमचं लग्न झालंय, त्यामुळे एका रेशन कार्डावर असलात तरी तुमचं कुटुंब वेगळं धरलं जातं. आईच्या अर्जात आई-वडिलांचं उत्पन्न धरायचं, तुमचं नाही. ते दोघांचं 3 लाखांच्या आत असेल तर आई आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटात बसतात. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढताना सेतू केंद्रात हे स्पष्ट सांगा. तिथे रेशन कार्ड बघून सगळ्यांचं उत्पन्न एकत्र लिहितात आणि मग अर्ज विनाकारण अडतो. शक्य असेल तर आधी रेशन कार्ड विभक्त करून घ्या.

गावाकडच्या घराचं म्हणाल तर अट अशी आहे की देशात कुठेही कुटुंबातल्या कुणाच्या नावावर पक्कं घर नको. माळवदाचं मातीचं घर पक्क्यात धरत नाहीत, पण हे तुमच्या तोंडी सांगण्यावर कुणी ऐकणार नाही. ग्रामपंचायतीतून नमुना 8 चा उतारा काढा. त्यात बांधकामाचं वर्णन असतं: दगड-मातीचं, पत्र्याचं, आरसीसी. तिथे चुकून "पक्के" किंवा "आरसीसी" लिहिलं असेल तर आत्ताच अर्ज देऊन दुरुस्त करून घ्या. त्या घराला गेल्या काही वर्षांत घरकुलाचं अनुदान मिळालं असेल तर विषय तिथेच संपतो. मागच्या 20 वर्षांत कुठल्याही सरकारी गृहयोजनेचा लाभ घेतलेला चालत नाही. विडी कामगारांना पूर्वी कामगार कल्याण खात्याकडून घरासाठी वेगळं अनुदान मिळायचं, तेही यात मोजलं जातं.

घर आईच्याच नावावर राहू द्या, किंवा आई-वडील दोघांच्या. योजनेचा कलच तसा आहे, कुटुंबातल्या बाईचं नाव मालकीत हवं.

आता "ना-नफा म्हणून डोळे झाकून" याबद्दल. सोलापूरकरांना हा प्रकार नवा नाही. सोलापूरजवळच्या कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकर यांच्या नावानं महिला विडी कामगारांची 10 हजार घरं 2006 मध्ये झाली, आणि त्याच कुंभारीत असंघटित कामगारांसाठी रे नगरच्या 30 हजार घरांपैकी पहिल्या 15 हजारांच्या चाव्या 19 जानेवारी 2024 ला मिळाल्या. म्हणजे हा मार्ग खरा आहे, त्यातून हजारो विडी कामगार बायका मालकीण झाल्या. पण बिल्डर आणि संस्था यात एक मूळ फरक आहे, तो ध्यानात ठेवा. बिल्डरकडे तुम्ही गिऱ्हाईक असता, इथे सभासद असता. संस्था नफा घेत नाही म्हणून घर स्वस्त पडतं. त्याच कारणानं सिमेंट-सळईचा भाव वाढला, काम लांबलं, तर वाढीव खर्चही सभासदांवरच वाटला जातो. म्हणून पहिला प्रश्न "किंमत किती" हा विचारू नका. "किंमत पक्की आहे की खर्चाप्रमाणे बदलणार, आणि बदलली तर कुणाच्या ठरावानं" हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

पैसे भरण्याआधी सभासदत्व पक्कं करा. आदर्श उपविधीप्रमाणे (संस्थांच्या नमुना नियमावलीप्रमाणे) प्रवेश फी 100 रुपये आणि 50 रुपयांचे किमान 10 भाग (शेअर), म्हणजे 500 रुपये. एवढे भरले की सभासद क्रमांक आणि पुढे भाग दाखला मिळायला हवा. नुसतं "नोंदणी शुल्क" किंवा "बुकिंग" असं लिहिलेल्या पावतीनं तुम्ही सभासद होत नाही. पावतीवर संस्थेचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, सभासदाचं नाव, रक्कम कशापोटी, तारीख आणि सही हे सगळं हवं. पैसे रोख द्यायचे नाहीत. संस्थेच्या नावाचा चेक, डीडी किंवा थेट तिच्या खात्यावर. पदाधिकाऱ्याच्या खाजगी खात्यावर किंवा त्याच्या फोन नंबरवर पाठवलेले पैसे पुढे कुठल्याच हिशेबात सापडत नाहीत.

हिशेबनीस

पैशांचं गणित उदाहरणानं सांगतो. घर 6 लाखांचं धरू. योजनेच्या "भागीदारीतली परवडणारी घरं" या प्रकारात, म्हणजे अशा प्रकल्पातल्या घरांना, केंद्राचं अनुदान 1.5 लाख आणि राज्याचं किमान 1 लाख. उरले 3.5 लाख. त्यातले 50 हजार स्वतःचे भरले तर कर्ज 3 लाखांचं.

9 टक्क्यांनी 15 वर्षांसाठी हप्ता 3,043 रुपये बसतो. तेच 20 वर्षांसाठी घेतलं तर 2,699. महिन्याला 344 वाचल्यासारखे वाटतात, पण शेवटपर्यंत फेडताना जवळपास 1 लाख जास्त जातात. 15 वर्षांत एकूण साधारण 5.48 लाख, 20 वर्षांत 6.48 लाख. व्याज 11 टक्के झालं तर 15 वर्षांचा हप्ता 3,410. कामगारांच्या कर्जात गृहवित्त कंपन्या दर वाढवून लावतात, म्हणून दोन ठिकाणी तरी विचारा. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाला वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतीआधी फेडीचा दंड घेता येत नाही, तेव्हा बोनसचे पैसे थेट मुद्दलात घाला.

अनुदान तुमच्या हातात येत नाही, प्रकल्पाला टप्प्याटप्प्यानं मिळतं. एखादा टप्पा अडकला की ठेकेदार थांबतो आणि मग सभासदांकडे "तात्पुरते भरा" अशी मागणी येते. भरायचे असतील तर ते कर्ज म्हणून घेतले की किमतीत धरले, हे ठरावात आणि पावतीत दिसू द्या. आणि योजनेतला एकच लाभ मिळतो. इथलं अनुदान घेऊन वर 2.0 मधली व्याज सवलतही मिळवून देतो असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे.

आईंचं वय 52, त्यामुळे 15 वर्षांच्या मुदतीला बँक बहुधा तुम्हाला सहकर्जदार घ्यायला सांगेल. घ्या, हरकत नाही. पण सहकर्जदार आणि सहमालक या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. हप्त्याची जबाबदारी तुम्ही उचलली तरी दस्तात तुमचं नाव घालायची गरज नाही. घातलं तर उलट पात्रतेचा प्रश्न उभा राहतो, कारण योजनेत तुमचं कुटुंब वेगळं आहे आणि उद्या तुम्हाला स्वतःला अर्ज करायचा असेल तर ते आड येईल.

बचत गटाचं किंवा मायक्रोफायनान्सचं कर्ज घरात कुणाच्या नावावर आहे का ते बघा. आठवड्याचा हप्ता दोनदा चुकला तरी सिबिलमध्ये (कर्जफेडीच्या नोंदींत) दिसतं. वर्षातून एकदा अहवाल फुकट मिळतो. तो अर्जाच्या दोन-तीन महिने आधी काढा, म्हणजे थकबाकी भरून नोंद सुधारायला वेळ मिळतो. कर्जाबरोबर विम्याचा एकरकमी हप्ता मुद्दलात मिसळतात. विमा असावाच, पण त्या रकमेवर 15 वर्षं व्याज पडतं, म्हणून जमत असेल तर वेगळा भरा.

हप्त्याशिवाय महिन्याचं आणखी एक गणित असतं, ते कुणीच करत नाही. उपविधीत सिंकिंग फंड (इमारत पुढे नव्यानं बांधायला साठवायची रक्कम) बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.25 टक्के आणि दुरुस्ती फंड किमान 0.75 टक्के सांगितला आहे. बांधकाम खर्च 4 लाख धरला तर दोन्ही मिळून वर्षाला 4,000, महिन्याला 333. त्यावर पाणी, जिन्यातले दिवे, सफाई. शिवाय प्रकल्प गावाबाहेर असेल तर रोजचं जाणं-येणं. विडीच्या कामात पान-तंबाखू आणायला आणि वळलेल्या विड्या द्यायला विडी कारखान्याच्या ब्रँचवर जावं लागतं. ब्रँच जुन्याच वस्तीत राहिली आणि रिक्षाला रोजचे पैसे गेले तर स्वस्त घर स्वस्त राहत नाही. तिथे ब्रँच आहे का, हे आधी विचारा.

पूर्वभागकर

खूप उपयोग झाला. रेशन कार्ड वेगळं करायला उद्याच अर्ज देतो. आईच्या फंडाच्या कार्डावर माहेरचं आडनाव आहे, आधारवर सासरचं, आणि जन्मतारीखही जुळत नाही. फंडातले पैसे घरासाठी काढता येतील का? आणि जमिनीचे कागद कुठले मागायचे?

जुळेसोलापूर

फंडातून घरासाठी परत न करायची उचल मिळते, पण नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळल्याशिवाय दावा पुढे सरकत नाही. त्यासाठी कामगार आणि मालक दोघांच्या सहीचा संयुक्त घोषणापत्राचा अर्ज असतो. कारखान्याच्या ऑफिसात तो भरून घ्या, सोबत आधार, विवाह नोंदणीचा दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला असेल तर तो. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू घरांत आडनाव आधी, नाव नंतर, मधलं नाव कधी वडिलांचं, कधी नवऱ्याचं असतं. आधार, बँक, फंड, विडी ओळखपत्र आणि संस्थेचा अर्ज हे पाचही कागद समोर ठेवून अक्षर न अक्षर ताडून बघा. सगळं आधारप्रमाणे करून घ्या. पुढे दस्त नोंदवताना बोटाचा ठसा आधारशी जुळवतात आणि विड्या वळून ठसे झिजलेले असतात. आधार केंद्रात ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्यानं करून ठेवलेली बरी.

जमिनीसाठी चालू तारखेचा सातबारा काढा. तो महाभूमीच्या साईटवर निघतो. तीन गोष्टी बघा. कब्जेदार म्हणून संस्थेचं नाव आहे का. भोगवटादार वर्ग 1 की 2; वर्ग 2 असेल तर हस्तांतराला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, तिचा आदेश मागा. आणि "इतर हक्क" या रकान्यात बोजा, कूळ किंवा वाद नोंदवलाय का. त्यानंतर बिनशेती आदेश, मंजूर नकाशा आणि प्रकल्प मंजुरीचं पत्र. सभासद असल्यावर संस्थेचे उपविधी, हिशेब आणि सभेची इतिवृत्तं पाहायचा हक्क कायद्यानं मिळतो, त्यासाठी कुणाच्या मर्जीची गरज नाही.

एक गल्लत कायम होते. तलाठ्याकडचा 8-अ हा शेतजमिनीच्या खात्याचा उतारा, ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा घरपट्टीचा. दोन्हींतला एकही मालकीचा पुरावा नाही. मालकी नोंदणीकृत दस्तानं आणि त्याच्या सूची 2 नं (इंडेक्स 2, दस्त नोंदणीचा उतारा) सिद्ध होते. योजनेतल्या दुर्बल गटाच्या घराच्या पहिल्या दस्ताला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 1,000 रुपये आहे, मात्र वाटपपत्र सोबत लागतं. दस्ताला "नंतर बघू" म्हणू नका.

सातरस्ता

थोडंसंच. वाटपपत्रात किती वर्षं विकता किंवा भाड्यानं देता येणार नाही ते लिहिलेलं असतं, सही करण्याआधी ते वाचून घ्या. आणि कुणी "पहिल्या लाभार्थ्याचं घर कुलमुखत्यारपत्रावर घ्या, नोटरी करून देतो" म्हणत आला तर हात लावू नका. कुलमुखत्यारपत्रानं मालकी मिळत नाही, सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्येच तसं स्पष्ट केलंय. घर परत जातं आणि पैसेही बुडतात.

संस्थेत नामनिर्देशन (नॉमिनी नेमायची नोंद) ताबा मिळाल्या महिन्यातच करा. अर्ज तीन प्रतींत द्यायचा आणि एक प्रत शिक्क्यासह परत घ्यायची. नामनिर्देशित माणूस फक्त विश्वस्त असतो, मालक होत नाही, हे बहिणी असतील तर त्यांनाही समजावून सांगा.

साईटवरचा

ताबा घेताना चावी हातात पडली की सही करून मोकळे होतात, तसं करू नका. मीटरची टेप घेऊन जा. 30 चौरस मीटर चटई क्षेत्र म्हणजे 323 चौरस फूट, बाहेरच्या भिंती सोडून. खोलीच्या आतून लांबी-रुंदी मोजून नकाशाशी ताडा.

बाथरूमच्या जाळीत ओलं फडकं दाबून दोन इंच पाणी भरा आणि 24 तास ठेवा. दुसऱ्या दिवशी खालच्या घरात जाऊन छताला ओल आलीय का बघा. मग फडकं काढल्यावर पाणी सगळं जाळीकडे जातं की कोपऱ्यात साचतं, तेही कळतं. फरशीवर नाण्यानं टकटक करा, पोकळ आवाज आला तर खाली माल नीट भरलेला नाही, ती पुढे उचकटणार. मेन स्विचजवळ गळती प्रवाह तोडणारं यंत्र (शॉकपासून वाचवणारा स्विच) आहे का बघा आणि त्याचं टेस्ट बटण दाबा, लाईट गेली पाहिजे. खिडकीच्या चौकटीच्या बाहेरून कडेनं पाणी मारा, सोलापुरात पाऊस कमी पण आला की वाऱ्यासकट आडवा येतो. सापडलेले दोष यादी करून दोन प्रतींत द्या, पोच घ्या. प्रकल्प महारेरात (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदलेला असेल तर बांधकामातल्या दोषाची दुरुस्ती 5 वर्षांपर्यंत फुकट मागता येते.

पाण्याचं वेगळं विचारा. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं, त्यामुळे इमारतीची जमिनीतली टाकी किती दिवस पुरते यावर सगळं अवलंबून आहे. पाच माणसांचं घर माणशी 100 लिटर धरलं तरी दिवसाला 500 लिटर. 36 घरांची इमारत असेल तर 18,000 लिटर रोज. पाणी दर चौथ्या दिवशी येणार असेल तर साठा 72,000 लिटरचा हवा. टाकीची लांबी, रुंदी, खोली मीटरमध्ये गुणून हजारानं गुणा, लिटर निघतात.

वरचा मजला मिळाला तर एप्रिल-मेमध्ये स्लॅब तापून रात्रीपर्यंत धग मारतो. गच्चीला मार्चमध्ये चुन्याचे दोन हात किंवा उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंग द्यायचा ठराव संस्थेकडून करून घ्या, फरक पडतो. मात्र गच्चीत अँकर ठोकून पत्र्याची शेड उभारू देऊ नका, तिथूनच गळती सुरू होते. आणि कूलर बसवायला भिंत फोडण्याआधी बांधकाम कुठल्या पद्धतीचं आहे ते विचारा. ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या इमारतीत वीट नसते. ती भिंतच वरच्या मजल्यांचा भार पेलते आणि तिच्यात सळई असते. अशा घरात कूलर खिडकीतच बसवायचा, खाली लोखंडी स्टँड देऊन.