पेनसिल्व्हेनियात नोव्हेंबरअखेर काळे अस्वल आणि हरीण : एकाच मुक्कामात जमेल का?

जुळे_सोलापूर (प्रश्न)

माझा मुलगा एच-वन-बी व्हिसावर पेनसिल्व्हेनियात नोकरी करतो आणि येत्या नोव्हेंबरात आम्ही उभयता तीन आठवड्यांसाठी त्याच्याकडे जाणार आहोत. त्याचे एक ज्येष्ठ सहकारी दरवर्षी पानगळ सरता सरता मित्रमंडळींसह डोंगरातल्या लाकडी खोपीत शिकारीसाठी मुक्काम टाकतात; यंदा त्यांनी आम्हा बापलेकांनाही बोलावले आहे. पीकसंरक्षणासाठी आमच्या शेतावर वडिलांच्या परवान्याची बारा बोअर बंदूक असे. ती साफ करण्याचे काम माझ्याकडे होते आणि वडिलांच्या पश्चात ती पोलीस ठाण्यात जमा केली. जनावरावर गोळी मात्र मी कधीच झाडलेली नाही. पर्यटक व्हिसावर बंदूक हाती घेता येते का, अस्वल आणि हरीण दोन्ही एका मुक्कामात साधतात का, आणि आपल्या सोलापुरी अंगाला तिथली थंडी कितपत सोसेल, हे जाणकारांनी सांगावे.

सस्क्वेहॅनाकाठी

काका, तारखांपासून सुरुवात करतो, कारण सगळे त्यावरच अवलंबून आहे. पेनसिल्व्हेनियात बंदुकीने अस्वल मारण्याचा मुख्य हंगाम थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या सणाच्या) आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि मंगळवारी संपतो. हरणाचा बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारपासून साधारण दोन आठवडे चालतो. काही विभागांत हरणाच्या हंगामातही अस्वलाला मुभा असते, त्यामुळे खोप कोणत्या विभागात येते हे यजमानांना आधी विचारा. तसे असेल तर दुसऱ्या शनिवारी जाणे उत्तम, नाहीतर मधले तीन-चार दिवस खोपीत पत्ते कुटत बसावे लागेल.

व्हिसाचा मुद्दा अधिक नाजूक आहे. पर्यटक असो वा एच-वन-बी, ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणे हा तिथल्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत, त्यांतला आपल्या उपयोगाचा म्हणजे अमेरिकेतच रीतसर मिळालेला शिकारीचा परवाना. म्हणून क्रम चुकवू नका : आधी शिकारी प्रशिक्षणाचा वर्ग, मग परवाना, आणि त्यानंतरच बंदूक. परवाना खिशात येण्याआधी कोणी प्रेमाने म्हणाले, 'या, मागच्या अंगणात दोन गोळ्या मारून पाहा,' तरी नम्रपणे नकार द्या. हे तुमच्या मुलालाही तितकेच लागू आहे, आणि त्याची तर नोकरीच व्हिसावर टांगलेली आहे. साध्या परवान्यात एका शिंगवाल्या नराची मुभा असते. अस्वलासाठी वेगळा परवाना घ्यावा लागतो.

अस्वलासाठी तिथे आमिष टाकता येत नाही आणि कुत्रीही सोडता येत नाहीत, त्यामुळे बहुतेक मंडळी हाका करतात, म्हणजे काही जण रान तुडवत जनावर दबा धरलेल्यांकडे रेटतात. एका टोळीत पंचवीसपेक्षा जास्त माणसे चालत नाहीत, आणि हाक्यात नुसते चालणाऱ्यालाही परवाना लागतो. अस्वल पडलेच, तर चोवीस तासांच्या आत ते तपासणी नाक्यावर न्यावे लागते.

पार्क_चौक_ते_पिट्सबर्ग

थंडीबद्दल माझा अनुभव सांगते. पहिल्या वर्षी मी अंगात तीन स्वेटर घालून, वरून घरची सोलापुरी चादर गुंडाळून पहाटे पाच वाजता मचाणावर बसले. खोपीपासून भरभर चढून आल्याने आतला सुती बनियन घामाने भिजला होता, आणि तासाभरात तोच बर्फाच्या पट्टीसारखा पाठीला चिकटला. सुती कपडा अंगालगत घालूच नका. लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा घाला, आणि जाड कोट पाठीवर बांधून नेऊन वर पोहोचल्यावर चढवा. चादर खोपीत झोपताना कामी येते, हे मात्र खरे.

दुसरी चूक अधिक लाजिरवाणी होती. आदल्या रात्री सवयीने डोक्याला खोबरेल तेल चोपडले होते. उजाडता उजाडता हरणाची एक मादी मागून आली. ती मला दिसण्याआधी तिच्या नाकपुड्यांचा फुर्र असा आवाज ऐकू आला, मग पुढचा पाय जमिनीवर आपटल्याचा, आणि मान वळवेपर्यंत पांढरी शेपटी उभारून ती ओढ्यापार झाली होती. वारा माझ्याकडून तिच्याकडे वाहत होता. पुढल्या वर्षापासून आमच्या घरी हंगामात तेल, उदबत्ती आणि फोडणी या तिन्हींपासून शिकारीचे कपडे दूर, बंद पेटीत राहतात.

भगवी झळाळणारी टोपी आणि जाकीट मात्र अवश्य घाला. डोके, छाती आणि पाठ मिळून किमान अडीचशे चौरस इंच असा रंग सर्व बाजूंनी दिसलाच पाहिजे, असा नियम आहे. हरणाला तो रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही, त्यामुळे त्याची चिंता नको. मचाणावर चढण्यापूर्वी सर्वांगी पट्टा बांधा. तिथे गोळीइतकीच भीती पडण्याची असते.

निवृत्त_पशुवैद्यक, सोलापूर

मांसाविषयी दोन शब्द लिहितो. अस्वलाच्या मांसात ट्रिकिनेला हा कृमी असू शकतो. डुकराच्या मांसातील त्याची जात गोठवल्याने मरते. परंतु अस्वलात आढळणाऱ्या काही जाती गोठवण्याला दाद देत नाहीत, त्यामुळे फ्रीझरच्या भरवशावर राहू नये. मांसाच्या गाभ्यात ७४ अंश सेल्सिअस तापमान गाठले पाहिजे, आणि ते तापमापक खुपसूनच पाहावे. काळ्या मसाल्यातल्या रश्शात कुकरच्या भरपूर शिट्ट्या देऊन केलेले हे मांस निर्धोक होते. अर्धवट भाजलेला तुकडा यजमानांनी आग्रहाने वाढला, तरी घेऊ नये.

हरणांत सीडब्ल्यूडी नावाचा मेंदूचा रोग आहे. पेनसिल्व्हेनियात तो २०१२ मध्ये प्रथम आढळला. माणसाला तो झाल्याची नोंद नाही, तरीही बाधित भागातील हरणाची चाचणी करून घ्यावी आणि मेंदू, कणा यांना हात लावू नये. अशा भागांतून डोके व कणा बाहेर नेण्यावर निर्बंध आहेत.

कातडे सोलापूरला आणण्याचा विचार असल्यास तो सोडून द्यावा. अमेरिकी काळे अस्वल १९९२ पासून सायटेसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. त्याची संख्या घटली म्हणून हे झाले नाही. त्याचे पित्ताशय आशियाई अस्वलाच्या पित्ताशयापासून वेगळे ओळखता येत नाही आणि चोरट्या व्यापाराला आडोसा मिळतो, हे कारण होते. निर्यात परवाना, भारतातील आयातीची परवानगी आणि विमानतळावरील सीमाशुल्क तपासणी हे सारे एका कातड्यासाठी करणे माझ्या मते परवडणारे नाही.

जुळे_सोलापूर

सर्वांचे आभार. मुलाशी बोललो, त्यांची खोप नंतरही अस्वलाला मुभा असलेल्या विभागातच आहे, म्हणून थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार ठरवला आहे. प्रशिक्षण आणि परवाना मुलगा घेईल. मी बंदूक न घेता त्याच्या शेजारी दुर्बीण घेऊन बसावे असे वाटते. हाक्यात अर्थातच उतरणार नाही. मचाणावर दोघांना बसता येते का, की मला खाली जमिनीवर आडोसा करावा लागेल?

पार्क_चौक_ते_पिट्सबर्ग

दोघांसाठीची रुंद मचाणे बाजारात मिळतात, पण या वयात शिडी चढण्यापेक्षा जमिनीवर तंबूसारखा आडोसा बरा. आत दोन घडीच्या खुर्च्या मावतात. आडोशाबाहेरही भगवा रंग सर्व बाजूंनी दिसेल असा बांधा, आणि थर्मासमध्ये चहा न्यायला विसरू नका.