नवा मंकी आयलंड घ्यावा का? चित्रं पाहून मन मानत नाही (बजेट ५०० रुपये)

सेतूवाला_दिग्रस
राम राम मंडळी. दिग्रसपासून १४ किलोमीटरवर माझं सेतू केंद्र आहे. दिवसभर सातबारा, पीकविमा, आधार जोडणी. रात्री आठला शटर ओढलं की लॅपटॉप माझा.

१९९८ ला बारावी झाल्यावर यवतमाळात कॉम्प्युटर क्लास लावला होता. तिथं टायपिंग कमी अन् कोपऱ्यातल्या मशीनवर 'द सिक्रेट ऑफ मंकी आयलंड' जास्त. समुद्री चाचा व्हायला निघालेला तो गायब्रश थ्रीपवूड. तलवारबाजी हातानं नाही, तोंडानं जिंकायची. समोरच्यानं अपमान केला की त्याले तसंच चपखल उत्तर द्यायचं. आम्ही दोघं मित्र, इंग्रजीची बोंब, म्हणून मांडीवर डिक्शनरी घेऊन बसायचो. तीन महिन्यांची फी संपली अन् गेम अर्धाच राहिला.

आता 'रिटर्न टू मंकी आयलंड' घ्यावा म्हणतो. पण ट्रेलर पाहिला अन् मन खट्टू झालं. सगळं कागद कापून चिकटवल्यासारखं, कोनाकोनाचं. हा माझा गायब्रश नाही. उलट सातवीतली मुलगी म्हणते, "बाबा, हेच मस्त आहे, तुमचं जुनं तर निसते ठोकळे."

तर सांगा: या चित्रांची सवय होते का? जुने भाग खेळल्याबिगर समजते का? बजेट ५००. लॅपटॉप सहा वर्षं जुना, ८ जीबी रॅम. नवीन लॅपटॉप घ्या असं कोणी सांगू नका.

वरुडचा_संत्रा
नवीन लॅपटॉप घ्या भाऊ. मी यंदा आंबिया बहाराचे पैसे आले तसा ८२ हजारांचा उचलला. कीबोर्डात सात रंगांचे दिवे लागतात. गेम कोणताही टाका, लोण्यावानी चालते.

जुना_खेळाडू_अकोला
घेऊ नका. स्पष्ट सांगतो.
ज्यानं मूळ मंकी आयलंड बनवला त्या रॉन गिल्बर्टनं २०१३ ला स्वतःच्या ब्लॉगवर लिहिलं होतं की पुन्हा मंकी आयलंड केला तर जुन्या पिक्सलच्याच, म्हणजे चौकोनी ठिपक्यांच्या वळणानं, जरा सुधारून करीन. आम्ही नऊ वर्षं वाट पाहिली. मधात २०१७ ला त्यानं 'थिंबलवीड पार्क' नावाचा दुसराच गेम काढला, त्याले मस्त पिक्सल दिले. अन् खुद्द मंकी आयलंडची पाळी आली तर हे कातरकाम! परक्या पोराले पुरणपोळी अन् घरच्याले शिळी भाकर.
मी आजही १९९१ चा दुसरा भाग स्कमव्हीएमवर (जुने गेम चालवायचं सॉफ्टवेअर) लावतो. वीस वर्षांपूर्वीच्या मशीनवरही चालतो. ज्याले मंकी आयलंड पाहायचा त्यानं तो पाहावा.

मास्तरीणबाई_दर्यापूर
अकोलेकर, तुम्ही दर धाग्यावर हेच लिहिता.

गिल्बर्टचं म्हणणं साधं होतं: तुम्हाला हवी ती चित्रं नसतील, पण मला हवी ती हीच आहेत. २०२२ च्या जूनमध्ये ट्रेलर आला तेव्हा लोक त्याच्या ब्लॉगवर इतकं वाट्टेल ते बोलले की शेवटी त्यानं कॉमेंट बंद करून टाकल्या. एका नाकाच्या टोकावरून! ज्याच्या गेमवर आपण म्हातारे झालो त्यालाच शिव्या.

आपल्याकडे तान्हा पोळा असतो ना? लाकडी नंदी, खाली चाकं, गळ्यात झिरमिळ्या. तो खऱ्या बैलासारखा दिसतो का? पोरं तरी ओढतातच. कोण म्हणतं हा माझा बैल नाही म्हणून?

जुना_खेळाडू_अकोला
मास्तरीणबाई, मी शिव्या दिल्या नाहीत, मी फक्त घेतला नाही. दोन्हीत फरक आहे.
अन् नंदीचं म्हणाल तर नंदी लाकडाचा होता तो लाकडाचाच राहिला. उद्या बाजारात प्लास्टिकचा तिकोनी नंदी आणा, मग पाहू तुमच्या शाळेतली पोरं काय म्हणतात.

मास्तरीणबाई_दर्यापूर
आलाय प्लास्टिकचा. मागच्या पोळ्याला पाहिला, बटण दाबलं की हंबरतो. पोरांनी रांग लावली होती.

वरुडचा_संत्रा
कुठं भेटते तो? भाच्यासाठी पाह्यजे.

हिंजवडीतला_वणीकर
थोडं शांतपणे घेऊया. 'माझा गायब्रश' असं जे सगळे म्हणतात तो नेमका कोणता, हे आधी ठरवा. पहिला भाग १९९० ला आला तेव्हा १६ रंगांत होता, नंतर २५६ रंगांत आला. म्हणजे पहिल्याच भागाचे दोन चेहरे. दुसऱ्या भागाची पार्श्वचित्रं हातानं रंगवून स्कॅन केलेली. १९९७ चा 'कर्स' तर सरळ कार्टून फिल्म वाटावी असा, त्यात गायब्रश उंच, सडपातळ, आणि तेव्हाही लोकांनी नाकं मुरडली होती. गिल्बर्ट त्या भागात नव्हताच, तो १९९२ लाच लुकासआर्ट्समधून, म्हणजे हे गेम काढणाऱ्या कंपनीतून, बाहेर पडला. २००० चा 'एस्केप' थ्रीडी, २००९ चा 'टेल्स' पुन्हा वेगळा थ्रीडी. या मालिकेत चित्रं बदलली नाहीत असं फारसं कधी झालंच नाही.

दुसरं, क्लासमध्ये तुम्ही जे पाहिलं ते फुगीर काचेच्या सीआरटी मॉनिटरवर. त्या काचेवर ठिपके एकमेकांत जरा मिसळायचे, कडा मऊ व्हायच्या. आजच्या सपाट स्क्रीनवर तोच गेम लावलात तर ठिपका चौकोनी आणि धारदार दिसतो. मुलगी ठोकळे म्हणते ते खोटं नाही, ती खरंच ठोकळे पाहतेय. तुम्ही पाहिले नव्हते.

माझा सल्ला: पहिल्या दोन भागांच्या स्पेशल एडिशन, म्हणजे नव्या चित्रांत पुन्हा काढलेल्या आवृत्त्या, घ्या. पीसीवर, पहिल्या भागात तरी, एफ१० दाबलं की त्याच जागी जुनं चित्र, पुन्हा दाबलं की नवं. बाप-लेक दोघं खूश. एक मेख आहे, पहिल्या भागात जुन्या चित्रावर गेलात की पात्रांचे आवाज बंद होतात. दुसऱ्यात ती अडचण नाही.

फक्त_वाचक
स्पेशल एडिशन घ्या. एफ१० दाबलं की जुनं चित्र दिसतं.

हिंजवडीतला_वणीकर
तेच लिहिलंय वर.

फक्त_वाचक
हो, पण मी स्वतः दाबून पाहिलंय. बाकी चित्रांवरून भांडण काही नवीन नाही. झेल्डा या गेम-मालिकेतला 'विंड वेकर' २००१ ला पहिल्यांदा दाखवला तेव्हा हेच झालं, कार्टून म्हणून थट्टा. आज तोच लोक डोक्यावर घेऊन नाचतात. अकोलेकर, दहा वर्षांनी तुम्हीही रिटर्नची बाजू घ्याल.

जुना_खेळाडू_अकोला
दहा वर्षांनी माझे डोळे मोतीबिंदूचे असतील. तेव्हा कदाचित चांगला दिसेल.

वडसा_पडदा
मी देसाईगंजचा, आमच्या घरात झाडीपट्टीच्या नाटकाचे पडदे रंगवाचा धंदा होता. दिवाळीनंतर नाटकं सुरू होतेत ते होळीवरी. रातभर चालतेत. दरबार, जंगल, झोपडी, नदीकाठ, एकेका पडद्याले बाबाले आठ-आठ दिस लागत.

मंग फ्लेक्स आला. खरा फोटो छापलेला, खरं झाड, खरा वाडा. लोक म्हने आता अस्सल वाटते. मले इचाराल तर उलटं झालं. बाबाच्या जंगलात झाड वाकडं राहे, पर कंदिलाखाली ते हालल्यावानी दिसे. फ्लेक्सवरचं झाड बल्बाच्या उजेडात चमकते अन् मेल्यावानी उभं राह्यते.

या नव्या गेमची चित्रं रेक्स क्राउल नावाच्या मानसानं केली, 'टिअरअवे'वाला. त्याचा तो कागदाचाच गेम. त्याच्या रातच्या गल्ल्या पाहा, खिडकीतून पिवळा उजेड कसा सांडते ते पाहा. मले तिथं बाबाचा पडदा दिसला. ट्रेलर मोबाइलवर पाहून ठरवू नका, मोठ्या पडद्यावर अंधार करून पाहा. चेहरे मलेही आवडले नाई, ते खरं सांगतो. पर जागा आवडल्या.

हिंजवडीतला_वणीकर
छान लिहिलंत. फक्त 'माणसानं' असतं, 'मानसानं' नाही.

वडसा_पडदा
आमच्याकडं मानूसच राह्यते भाऊ. तुमच्या हिंजवडीत माणूस झाला असन.

मास्तरीणबाई_दर्यापूर
वणीत आम्ही दोन वर्षं होतो. तिथंही मानूसच म्हणतात. आयटीत गेलं की ण फुटतो.

हिंजवडीतला_वणीकर
बरं, मागे घेतो.

आर्वीचा_कापूसवाला
चित्रं-बित्रं सोडा, माझी गोष्ट ऐका. स्वस्तात गेमची 'की' (गेम चालू करायचा कोड) मिळते म्हणून एका ग्रुपवरच्या पोट्ट्याला २५० रुपये पाठवले. ती टाकली तर आधीच वापरलेली. फोन लावला तर ब्लॉक. सीतादहीच्या दिवशी पहिला कापूस वेचला अन् त्याच रात्री २५० गेले, बायको अजून ऐकवते. भाऊ, सरळ स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घ्या, रुपयांतच किंमत दिसते. विशलिस्टमध्ये टाकून ठेवा, सवलत लागली की मेल येतो. अन् आवडला नाही तर १४ दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असला तर पैसे परत मागता येतात. चित्रांची सवय होते का ते दोन तासांत कळून जाईल, इथं चाळीस लोकांना विचारायची गरज नाही.

सेतूवाला_दिग्रस
हे कामाचं सांगितलं भाऊ. धन्यवाद. पडद्याची गोष्टही मनाला लागली.
पण मूळ प्रश्न राहिलाच. जुने भाग खेळल्याबिगर समजते का?

जुना_खेळाडू_अकोला
अजिबात नाही. दुसऱ्या भागाचा शेवट जिथं लोंबकळत सोडला, तिथूनच हा सुरू होतो. ३१ वर्षं ज्यानं त्या शेवटावर डोकं फोडलं नाही त्याला यात काय कळणार? आधी एक, मग दोन, मग विचार करा. अन् एक सांगतो, नव्यात अडलं की सूचना देणारं पुस्तक गायब्रशच्या खिशातच दिलंय. आम्ही एका कुलपापायी महिना घालवला, आता पोरं पान उलटून पुढं जातात.

मास्तरीणबाई_दर्यापूर
पहिले दोन आधी खेळाच, इथं मी अकोलेकरांशी सहमत आहे. तारीख लिहून ठेवा. पुस्तकाचं मात्र मला पटत नाही. नको असेल त्यानं उघडू नये. सोपा आणि अवघड असे दोन पर्यायही आहेत सुरुवातीलाच. मुलीला सोपा लावून द्या. एक अडचण लक्षात घ्या, मराठी-हिंदी नाही, सगळं इंग्रजी आणि अर्धी मजा शब्दांच्या कोट्यांत. शेजारी बसून समजावून सांगावं लागेल.

फक्त_वाचक
आधी पहिले दोन भाग खेळा.

हिंजवडीतला_वणीकर
मीही तेच म्हणेन. स्पेशल एडिशन, एफ१०. २००० चा 'एस्केप' मात्र टाळा, त्यात माउस चालत नाही, कीबोर्डनं त्याला रणगाड्यासारखा वळवावा लागतो.

वडसा_पडदा
पयले दोन खेळा, मंग हा.

वरुडचा_संत्रा
मोबाइलवर पण आला आहे ना हा, २०२३ लाच. पण मजा मोठ्या स्क्रीनवर. १४४ हर्ट्झचा घ्या, चित्र झरझर हालते.

हिंजवडीतला_वणीकर
पॉइंट अँड क्लिक, म्हणजे माउसनं जागा दाखवत खेळायच्या गेमला १४४ हर्ट्झ कशाला लागतं? तो माणूस चालत जातो हो, उडत नाही.

वरुडचा_संत्रा
मानूस.

सेतूवाला_दिग्रस
मंडळी, आठ दिवसांनी येतोय, सोयाबीन काढायला मळणीयंत्र मिळालं होतं, ते सोडून बसता आलं नाही.

घेतला. रिटर्नच घेतला. सवलतीची वाट पाहिली नाही. ५०० च्या वर गेलं, किती ते घरी सांगितलं नाही, इथंही सांगत नाही. जुने भाग खेळलो नाही. तुम्ही सगळे एका सुरात बोललात ते मान्य, पण मुलीची दिवाळीची सुट्टी तीनच आठवडे आहे. जुने दोन भाग संपेस्तोवर तिची शाळा सुरू होईल अन् माझी रब्बी.

सुरुवातीच्या मेन्यूत एक चिकटवही आहे. गायब्रश स्वतः पानं उलटत मागच्या सगळ्या भागांची गोष्ट सांगतो. हे कोणीच कसं सांगितलं नाही? मुलीनं ती तीनदा ऐकली. अर्धं समजलं, अर्धं मी बनवून सांगितलं. गायब्रशला दिलेला डॉमिनिक आर्मेटोचा आवाज छान आहे. पण माझ्या क्लासातल्या गायब्रशला आवाजच नव्हता, आम्हीच वाचून दाखवायचो, माझा मित्र नाकातून बोलायचा. म्हणून हाही परकाच वाटला पहिले.

चित्रांचं म्हणाल तर पहिल्या दिवशी डोळ्यात खुपली. दोन तासांची मुदत डोक्यात ठेवून घड्याळ लावलं होतं. ते वाजलं तेव्हा आम्ही मेली बेटावर होतो, रात्र होती अन् खिडक्यांतून तो पिवळा उजेड सांडून राहिला होता. वडसावाले, तुमची आठवण आली. मुलगी म्हणे, घड्याळ बंद करा. केलं. चेहरे अजून आवडत नाहीत. नाक फारच टोकदार आहे.

परवा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून केंद्रातच लावला. तेवढ्यात आमच्या गल्लीतले एक काका केवायसी करायला आले. स्क्रीनवर गायब्रश जहाजावर उभा. काका चष्मा वर करून पाच मिनिटं पाहत राहिले, मग विचारलं, "हे कोनती योजना होय बाप्पा? याले कागद काय काय लागतेत?"
मुलगी म्हणे, "काका, यात आधी अपमान करता आला पाहिजे."
काका म्हणे, "मंग हे आमाले बसते."

सूचनांचं पुस्तक मुलगी माझ्या माघारी उघडते असा मला संशय आहे. ते कुलूप लावून ठेवायची काही सोय आहे का?

जुना_खेळाडू_अकोला
सांगितलं होतं.

वरुडचा_संत्रा
लॅपटॉप गरम होत असन.